वडिलांची बाजू युद्ध हरली, मुलाने गुप्तहेरकथांमधून त्यांचं हरवलेलं शहर परत उभं केलं

गोष्ट 1916 सालची. टोकियोमध्ये मारुझेन नावाचं एक दुकान होतं, इंग्रजी पुस्तकं मिळण्यासाठी प्रसिद्ध. चाळिशी ओलांडलेले एक नाटककार तिथे गेले आणि त्यांनी शेरलॉक होम्सच्या कथांची पुस्तकं घेतली. होम्स त्यांनी आधीही अधूनमधून वाचला होता, पण या वेळी एकामागून एक कथा वाचून काढल्या आणि त्यांच्या डोक्यात आलं, असं काहीतरी आपणही लिहावं.

आता यात विशेष काय? होम्स वाचून तेव्हा जगभरातले लेखक गुप्तहेर जन्माला घालत होते. पण या माणसाने वेगळा विचार केला. आजच्या टोकियोतला गुप्तहेर लिहिला तर तो साहेबाची नक्कल वाटणार. मग त्याला मागे नेऊ. रेल्वे नाही, तार नाही, बोटांचे ठसे नाहीत, अशा जुन्या एदोमध्ये.

या लेखकाचं नाव ओकामोतो किदो. आणि त्यांनी घडवलेल्या गुप्तहेराचं नाव हानशिची.

पण त्यासाठी आधी एदो काय होतं ते समजून घ्यायला हवं. एदो म्हणजे आजचं टोकियो. तोकुगावा घराण्याच्या शोगुनांनी अडीचशेहून जास्त वर्षं इथून जपानचा कारभार हाकला. शहराची वस्ती दहा लाखांच्या वर गेली होती. 1868 मध्ये सम्राटाच्या नावाने लढणाऱ्यांनी शोगुनची सत्ता उलथवली, शहराचं नाव बदलून टोकियो झालं आणि जुनं ते सगळं मागासलेलं ठरायला लागलं.

किदो यांचे वडील केइनोसुके हे याच शोगुनचे सामुराई. नव्या सरकारविरुद्धच्या युद्धात ते लढले, जखमी झाले आणि हरले. धनी गेला, हुद्दा गेला. पण त्यांना इंग्रजीचा आधार मिळाला. टोकियोतल्या ब्रिटिश वकिलातीत त्यांना नोकरी लागली. 1872 मध्ये मुलगा झाला, त्याचं नाव केइजी. किदो हे त्याने पुढे घेतलेलं टोपणनाव.

म्हणजे घरात दोन जगं एकत्र नांदत होती. एकीकडे बुडालेल्या राजवटीच्या आठवणी काढणारी वडीलधारी माणसं, दुसरीकडे वकिलातीतले इंग्रज. पोरगा दोन्हीकडे कान देऊन वाढला. वकिलातीतल्या लोकांकडून इंग्रजी शिकला. वडिलांना काबुकी नाटकाचा नाद होता, तोही पोराला लागला.

शाळेत हुशार होता, पण घरची आर्थिक घडी विस्कटली आणि पुढचं शिक्षण राहून गेलं. 1890 मध्ये, विशीही गाठली नव्हती तेव्हा, तो तोक्यो निचिनिची शिंबुन या वर्तमानपत्रात लागला. काम काय, तर नाटकं बघायची आणि त्यावर लिहायचं. पत्रकारिता त्याने वीसहून जास्त वर्षं केली. 1904 मध्ये रशिया-जपान युद्ध सुरू झालं तेव्हा वार्ताहर म्हणून मांचुरियालाही जाऊन आला.

नाव मात्र झालं ते नाटकांमुळे. 1911 मध्ये टोकियोच्या मेइजी-झा नाट्यगृहात त्यांचं 'शुझेंजी मोनोगातारी' आलं. एक मुखवटे करणारा कारागीर आणि एक शोगुन यांची ही गोष्ट. कारागिराने शोगुनचा मुखवटा कितीही वेळा घडवला, तरी त्यात मेलेल्या माणसाचा चेहरा उतरतो. इचिकावा सादांजी दुसरे यांनी ते गाजवलं. पुढे 1927 मध्ये त्याचा प्रयोग थेट पॅरिसमध्ये झाला. किदो यांनी दोनशेच्या आसपास नाटकं लिहिली आणि नव्या काबुकीचा इतिहास त्यांच्याशिवाय पूर्ण होत नाही. खरं तर एका आयुष्याला एवढं पुरे होतं.

पण लोकांच्या घरात पोचला तो हानशिची.

जानेवारी 1917 मध्ये 'बुंगेई क्लब' मासिकात पहिली कथा आली. एका सामुराईची बायको माहेरी येऊन सांगते, मला त्या घरात राहायचं नाही. रात्री ओलीचिंब बाई उशाशी येऊन बसते. लहान मुलगीही झोपेत किंचाळते आणि त्या बाईचं नाव घेते. बाहेर कळलं तर घराण्याची अब्रू जाणार. मग हानशिचीला बोलावतात. तो मांत्रिक शोधत बसत नाही, तर घरात येणारं भाड्याचं चित्रांचं पुस्तक कुठून आलं ते शोधतो. पुढचं इथे सांगणं म्हणजे वाचणाऱ्याची मजा घालवणं.

हानशिची म्हणजे पोलीस अधिकारी नव्हे, हे लक्षात घ्यायला हवं. एदोमध्ये नगराचा कारभार आणि न्याय माचिबुग्यो नावाचा अधिकारी बघायचा. त्याच्या हाताखाली योरिकी, त्यांच्या खाली दोशिन. हे सामुराई. पण गल्लीबोळांतली खबर सामुराईला कोण देणार? त्यासाठी दोशिन लोक आपापली माणसं बाळगायचे, ती म्हणजे ओकाप्पिकी. अर्धा खबऱ्या, अर्धा तपास करणारा. पगार म्हणावा तर अगदीच तुटपुंजा. त्यामुळे बरेच जण बायकोच्या नावावर खाणावळ किंवा न्हाणीघर चालवायचे आणि काही जण सरळ लोकांना नाडून पैसे काढायचे. त्यामुळे समाजात त्यांना फारसा मान नव्हता.

किदो यांनी हे सगळं कथांमध्ये सांगितलंय, लपवलेलं नाही. पण त्यांचा हानशिची या बदनाम धंद्यातला सरळ माणूस आहे. दुबळ्याला दमदाटी करत नाही, पैसे खात नाही. होम्ससारखा विक्षिप्तही नाही. बुद्धीचा दिमाख नाही, लांबलचक भाषण नाही. चहा पीत बसलेला, माणसं ओळखणारा गडी. रहस्य म्हणून बघाल तर काही कथा तशा साध्याच आहेत, कधी कधी योगायोगच हानशिचीच्या मदतीला येतो. तरी वाचक सोडत नाही, कारण त्याला रहस्यापेक्षा शहर हवं असतं.

आणि ते शहर किदो यांनी फार बारकाईने उभं केलंय. घड्याळाचे तास नाहीत, देवळाच्या घंटेवर वेळ कळते आणि दिवस लहान-मोठा होईल तसा तासही लहान-मोठा होतो. रात्री मोहल्ल्यांची फाटकं बंद होतात, मग कोण कुठून गेलं हा तपासाचा धागा होतो. बर्फ, आगी, जत्रा, पतंग, भुताच्या अफवा, सगळं गुन्ह्यात गुंतलेलं.

कथा सांगण्याची पद्धतही बघण्यासारखी आहे. हानशिची म्हातारा झालाय, काळ बदललाय आणि तो अकासाकामध्ये निवांत राहतोय. एक तरुण पत्रकार अधूनमधून त्याच्याकडे येतो आणि म्हातारा जुन्या केसेस सांगतो. हा पत्रकार कोण, हे वेगळं सांगायला नको. एदोच्या गोष्टी ऐकत वाढलेला आणि वर्तमानपत्रात काम करणारा पोरगा म्हणजे किदो स्वतःच. एदो आता राहिलेलं नाही, ते फक्त म्हाताऱ्यांच्या बोलण्यात उरलंय, हे प्रत्येक कथेत न सांगता कळत राहतं.

मग 1 सप्टेंबर 1923 उजाडला. दुपारी बारा वाजायला दोन मिनिटं असताना टोकियो आणि योकोहामा हादरलं. भूकंप आणि त्यानंतरच्या आगीत एक लाखाहून जास्त माणसं गेली. किदो यांचं कोजिमाचीमधलं घर भूकंपात तगलं होतं. पण आग सरकत सरकत आली आणि त्यात ते जळालं. माणसं वाचली. पुस्तकांचा संग्रह आणि वर्षानुवर्षांच्या रोजनिशा मात्र राख झाल्या.

नुकसान एका घराचं नव्हतं. 1868 नंतरही एदोचे जे मोहल्ले, जी लाकडी घरं, ज्या गल्ल्या टिकल्या होत्या, त्यांचा मोठा भाग या आगीत गेला. वडिलांचं एदो नावापुरतं संपलं होतं, मुलाच्या डोळ्यांदेखत ते दिसायचंही बंद झालं. भूकंपाच्या आधी लिहिलेल्या हानशिचीच्या कथा आता वेगळ्याच कामाच्या झाल्या. ज्यांची गल्लीच उरली नव्हती, त्यांना ती पुस्तकात सापडत होती.

किदो पुन्हा लिहायला बसले. भाड्याची घरं बदलत त्यांनी भुताखेतांच्या कथा लिहिल्या, परदेशी भयकथांचे अनुवाद केले, 1930 मध्ये शिष्यांसाठी 'बुताई' हे नाटकाचं मासिक काढलं. हानशिची मध्ये काही वर्षं थांबला होता, तो 1934 मध्ये परत आला आणि 1937 पर्यंत चालला. एकूण 68 कथा झाल्या.

मालिकेचं नाव 'हानशिची तोरिमोनोचो'. तोरिमोनोचो म्हणजे तपासाची माहिती टिपून ठेवायची कचेरीतली वही. पण किदो यांच्यामुळे तो शब्द एका अख्ख्या साहित्यप्रकाराचं नाव झाला. त्यांच्या मागून आलेल्या नोमुरा कोदो यांचा नाणी फेकून मारणारा झेनिगाता हेइजी हा तर जपानी टीव्हीवर वर्षानुवर्षं चालला.

1 मार्च 1939 रोजी किदो गेले, तेव्हा ते 66 वर्षांचे होते. शिष्य क्योइची याला त्यांनी दत्तक घेतलं होतं. त्याने पुढे सेइआबो नावाची प्रकाशन संस्था काढली आणि एदोच्या इतिहासावरची पुस्तकं छापली.

1949 मध्ये तोरिमोनोचो लिहिणाऱ्या लेखकांनी एकत्र येऊन आसाकुसामध्ये एक स्मारकशिळा उभारली. ती किदो यांच्या नावाची नाही, हानशिचीच्या नावाची आहे. किदो यांच्या लिखाणावरचा हक्क कधीच संपलाय, त्यामुळे आओझोरा बुंको या जपानी संकेतस्थळावर हानशिचीच्या कथा फुकट वाचता येतात. जपानी येत नसेल तर इयन मॅकडोनाल्ड यांनी 14 कथांचा इंग्रजी अनुवाद केलाय, तो 2007 मध्ये हवाई विद्यापीठाने छापला. सुरुवात त्या ओल्याचिंब बाईपासून करा.