ऑक्सफर्डचे तीन उन्हाळे

मे महिना आला की आपल्या बागलाणात बायकांना बसायला फुरसत नसते. उन्हाळ कांदा शेतातून चाळीत जात असतो, गच्चीवर कुरडया-पापड वाळत असतात, टेबलावर लग्नपत्रिकांचा ढीग पडलेला असतो. आणि ज्या घरात दहावी-बारावीची मुलगी असते, तिथे निकालाची धाकधूक वेगळीच! परीक्षा एकदाची पार पडली, एवढंच काय ते समाधान.

आता अशी कल्पना करा. मुलीने तीन वर्षं रात्रंदिवस अभ्यास केला, परीक्षा तोंडावर आली आणि परीक्षकच म्हणाला, ही मुलगी आहे म्हणून मी हिची परीक्षा घेणार नाही. काय वाटेल त्या मुलीला? आणि तिच्या आईला?

हे खरंच घडलं होतं. १८९२ सालच्या जून महिन्यात, इंग्लंडमधल्या ऑक्सफर्ड नावाच्या छोट्या शहरात. आणि ती मुलगी होती आपल्या नाशिकची! कॉर्नेलिया सोराबजी तिचं नाव. सटाण्याहून नव्वदेक किलोमीटरवर, नाशिकला १५ नोव्हेंबर १८६६ रोजी तिचा जन्म झाला. नाशिक जिल्ह्यातल्या आपल्यापैकी कितीजणींना हे नाव माहीत आहे? मलाही ते फार उशिरा कळलं.

कॉर्नेलियाचे वडील सोराबजी खरसेदजी हे पारशी कुटुंबातले, पण तरुणपणीच त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला आणि त्यापायी आप्तांचा रोष ओढवून घेतला. आई फ्रान्सिना हिला एका इंग्रज दांपत्याने लेकीसारखं वाढवलं होतं. या बाईने पुढे पुण्यात शाळा चालवली. घरात मुलीच जास्त. पण आई-वडिलांनी मुलगी म्हणून कुणाचंच शिक्षण थांबवलं नाही. कॉर्नेलियाचं लहानपण बेळगावात आणि पुण्यात गेलं.

वकील व्हायचं तिच्या डोक्यात कुठून आलं, त्याची एक आठवण ती सांगत असे. आईकडे गाऱ्हाणी घेऊन बायका यायच्या. त्यात एकदा काठेवाडकडची एक पडदानशीन विधवा आली. घरच्या कारभाऱ्यावर भरवसा ठेवून तिने कोऱ्या कागदावर सही करून दिली होती, आणि त्या एका कागदाने तिची सगळी इस्टेट गेली होती. पडद्यातली बाई परपुरुषासमोर येणार कशी आणि वकिलाला सांगणार काय? तेव्हा आईने लहानग्या कॉर्नेलियाला समजावलं, की अशा बायकांना मदत करायची असेल तर कायदा शिकायला हवा. ते तिच्या मनात पक्कं बसलं. सात-बारावर नाव नाही म्हणून तलाठी कार्यालयाच्या पायऱ्या झिजवणारी बाई आपण पाहिलेली असते, त्यामुळे ही गोष्ट आपल्याला काही परकी वाटत नाही.

पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिकणारी ती पहिली मुलगी. सगळा वर्ग मुलांचा आणि त्यात ही एकटी. तरी शेवटच्या परीक्षेत तिने कॉलेजातल्या मुलांना मागे टाकलं आणि मुंबई विद्यापीठाची पहिली महिला पदवीधर झाली. अशा पहिल्या आलेल्या विद्यार्थ्याला इंग्लंडमध्ये शिकायला सरकारी शिष्यवृत्ती मिळत असे. हिला मात्र नाकारली. कारण काय, तर ती बाई! तिकडे इंग्लंडच्या पार्लमेंटमध्येसुद्धा यावर प्रश्न विचारला गेला, पण निर्णय काही बदलला नाही.

ही रडत बसली नाही. अहमदाबादच्या गुजरात कॉलेजात तिने इंग्रजीची हंगामी प्राध्यापक म्हणून नोकरी धरली. समोर सगळी मुलं, आणि शिकवणारी विशी नुकतीच ओलांडलेली मुलगी. तिथला पगार तिने साठवला. इकडे इंग्लंडमध्ये लेडी हॉबहाऊस नावाच्या बाईंनी वर्तमानपत्रात पत्र लिहून तिच्यासाठी निधी जमवला. फ्लॉरेन्स नाइटिंगेल, सर विल्यम वेडरबर्न अशा मोठ्या माणसांनी त्यात पैसे घातले. अखेर १८८९ साली, वयाच्या बाविसाव्या वर्षी, बोटीने समुद्र ओलांडून ती इंग्लंडला पोचली. आनंदीबाई जोशी अमेरिकेहून डॉक्टर होऊन आल्या आणि १८८७ साली गेल्या, त्याला जेमतेम दोन वर्षं झाली होती. रखमाबाईही तेव्हाच लंडनला डॉक्टरकी शिकायला गेल्या होत्या. आपल्याकडच्या मुलींनी समुद्र ओलांडायला नुकती कुठे सुरुवात केली होती.

ऑक्सफर्ड हे तसं लहान गाव. पण जिकडे पाहावं तिकडे दगडी कॉलेजं, उंच मनोरे, घंटा आणि काळे झगे घातलेली मुलं. बाजूने थेम्स आणि चारवेल या नद्या वाहतात. मुलींसाठी सॉमरव्हिल हॉल नावाची संस्था १८७९ मध्ये निघाली होती, तिथे कॉर्नेलियाची सोय झाली. तिथले नियम ऐकले तर आपल्या आज्या बऱ्या म्हणाल! मुलीने पुरुषांच्या कॉलेजात व्याख्यानाला जायचं तर सोबत कुणीतरी पोक्त बाई हवी. परीक्षा काही विषयांतच देता येई. आणि परीक्षा पास झाली तरी पदवी मिळत नसे. पुरुषांना पदवी, बायकांना नुसतं पास झाल्याचं समाधान.

हिवाळा तिकडे अंधारा आणि गारठ्याचा. दुपारी चार वाजता दिवे लावायचे. त्यामुळे तिथे माणसं उन्हाळ्याची वाट पाहतात. आपला उन्हाळा अंगाची लाही करणारा, तर तिकडचा उन्हाळा म्हणजे आपल्याकडची डिसेंबरातली दुपार म्हणा ना! जूनमध्ये पहाटे चारच्या आधीच उजाडतं आणि रात्री नऊलाही आभाळात उजेड रेंगाळत असतो. (घड्याळं एक तास पुढे करायची पद्धत तिकडे १९१६ पासून आली, ही त्याच्या आधीची वेळ.) मेच्या अखेरीस नदीवर कॉलेजांच्या नावांच्या शर्यती लागतात, काठावर सगळं गाव लोटतं. त्या सगळ्या गर्दीत साडी नेसलेली ही मुलगी उठून दिसत असणार. कारण तिने साडी सोडली नाही. परदेशात राहिली तरी पोशाख आपलाच ठेवला.

तिला माणसंही भली भेटली. बेलियल कॉलेजचे प्रमुख बेंजामिन जॉवेट हे तिचे मोठे पाठीराखे. त्यांच्या घरी तिचं जाणं-येणं होतं. वेदांचे अभ्यासक मॅक्स म्युलरही याच गावात राहत. आयुष्यभर संस्कृतचा अभ्यास करूनही त्यांनी भारत कधी पाहिला नव्हता. ऑल सोल्स कॉलेजची तेव्हा कॉड्रिंग्टन नावाने ओळखली जाणारी लायब्ररी कायद्याच्या पुस्तकांसाठी प्रसिद्ध. तिथे तोवर बायकांना वाचायला बसू देत नसत. तिथले प्रमुख सर विल्यम अॅन्सन यांनी हिला खास परवानगी दिली. उंच कपाटं, लांबलचक दालन, आणि तिथे बसून वाचणारी पहिली बाई नाशिकची!

पण उन्हाळ्याला दुसरी बाजूही होती. जूनच्या मध्यावर सत्र संपलं की ऑक्टोबरपर्यंत लांब सुट्टी. कॉलेजं ओस पडत. बाकीच्या मुली ट्रंका भरून आपापल्या घरी जात. हिचं घर समुद्रापार पुण्याला. जायला-यायलाच दीड महिना आणि तिकिटाचे पैसे वेगळे. मग हॉबहाऊस कुटुंबासारख्या ओळखीच्या माणसांकडे तिचे सुट्टीचे दिवस जात. माहेरी जायच्या दिवसांत दुसऱ्याच्या घरी पाहुणी म्हणून राहायचं, मग ती माणसं कितीही प्रेमळ असोत, हे काय असतं ते आपल्याला सांगायला नको. ती घरी दर आठवड्याला पत्र लिहायची. त्यातली कितीतरी पत्रं लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आजही जपून ठेवलेली आहेत.

असे दोन उन्हाळे गेले. तिसरा आला तो परीक्षेचा. कायद्याची 'बॅचलर ऑफ सिव्हिल लॉ' ही परीक्षा तिला द्यायची होती. ऑक्सफर्डमध्ये ही परीक्षा तोवर एकाही बाईने दिली नव्हती. आधी तोडगा असा निघाला, की तिने सॉमरव्हिलमध्येच बसून, तिथल्या बाईंच्या देखरेखीखाली पेपर लिहावेत. म्हणजे कुणाला त्रास नको, वाद नको. दुसरी कुणी असती तर म्हणाली असती, बरं झालं, घरच्या घरी काम झालं. कॉर्नेलिया मात्र अडून बसली. मुलं जिथे बसतात त्याच परीक्षेच्या हॉलमध्ये, त्यांच्याबरोबरच मी पेपर लिहीन, असा तिचा हट्ट होता. वेगळ्या खोलीत परीक्षा दिली तर उद्या लोक म्हणतील, हिला सोपी परीक्षा दिली, हिच्यासाठी सवलत केली. आपल्या पासवर कुणी बोट ठेवायला नको, एवढंच तिचं म्हणणं.

त्यातच लंडनहून येणारा परीक्षक म्हणाला, बाईची परीक्षा घेणं मला मान्य नाही. झालं! तीन वर्षांची मेहनत, लोकांनी जमवून दिलेला पैसा, आई-वडिलांची आशा, सगळं टांगणीला लागलं. जॉवेट आणि इतर हितचिंतक धावले, अर्ज-विनंत्या झाल्या. आणि अगदी परीक्षेच्या तोंडावर विद्यापीठाने ठराव केला, की कॉर्नेलिया सोराबजी हिला ही परीक्षा देता येईल. एका मुलीसाठी, तिचं नाव घालून, विद्यापीठाने केलेला ठराव! हाय स्ट्रीटवरच्या त्या परीक्षागृहात काळे झगे आणि पांढरे टाय घातलेल्या मुलांच्या रांगेत बसून तिने पेपर लिहिले.

निकाल काय लागला? ती पास झाली, पण तिसऱ्या वर्गात. पुण्यात पहिली येणाऱ्या मुलीला हे फार लागलं. पण परीक्षेच्या आदल्या दिवसापर्यंत बसू देतील की नाही याचीच धास्ती असलेल्या मुलीने पेपर कसे लिहिले असतील, हे कुठल्या गुणपत्रिकेत दिसतं? आणि पदवी? ती मिळाली नाहीच. ऑक्सफर्डने बायकांना पदव्या द्यायला सुरुवात केली १९२० साली. कॉर्नेलिया सोराबजींनी आपली पदवी हातात घेतली १९२२ मध्ये. तोवर त्यांचं वय पंचावन्न झालं होतं. तीस वर्षं वाट पाहिली त्या कागदाची!

मधली तीस वर्षं मात्र त्या थांबल्या नव्हत्या. १८९३ मध्ये भारतात परतल्या. १८९६ साली पुण्यात खुनाचा आरोप असलेल्या एका बाईच्या बाजूने उभ्या राहिल्या आणि ती बाई सुटली. मुंबईची एलएलबी, अलाहाबादची वकिलीची परीक्षा, सगळ्या परीक्षा दिल्या, तरी बाई म्हणून सनद मिळेना. मग १९०४ मध्ये त्यांनी बंगालच्या कोर्ट ऑफ वॉर्ड्समध्ये सरकारी नोकरी पत्करली. काम होतं पडद्यातल्या जमीनदार विधवांना आणि पोरक्या वारसांना त्यांचा हक्क मिळवून द्यायचं. बंगाल, बिहार, ओरिसा, आसाम असा मुलूख त्या पालखीने, बोटीने, मिळेल त्या वाहनाने फिरल्या. जिथे पुरुष वकिलाला उंबरा ओलांडता येत नव्हता, त्या जनानखान्यात जाऊन त्यांनी बायकांचे कागद वाचले. सहाशेहून अधिक बायका-मुलांना त्यांनी मदत केली असं सांगतात. सरकारी खुर्चीत बसूनही गांजलेल्यांचं भलं करता येतं, हे देवमामलेदारांच्या गावाला वेगळं काय सांगायचं?

बायकांना वकिलीची मुभा देणारा कायदा १९२३ साली झाला आणि पुढच्या वर्षी त्या कलकत्ता हायकोर्टात वकिलीला लागल्या. पण तोवर उमेद सरत आली होती, आणि कोर्टातले पुरुष त्यांना उभं राहून बोलू देण्यापेक्षा कागदी कामच देत.

सगळंच गोड गोड सांगून उपयोग नाही. कॉर्नेलियाबाई इंग्रजी राज्याच्या कट्टर बाजूच्या होत्या. गांधीजींची चळवळ त्यांना पटली नाही, तसं त्यांनी उघडपणे लिहिलं. भारताची नालस्ती करणाऱ्या कॅथरीन मेयोच्या १९२७ सालच्या पुस्तकाचीही त्यांनी पाठराखण केली. त्यामुळे माणसं दुरावली. १९२९ मध्ये निवृत्त होऊन त्या इंग्लंडला गेल्या आणि ६ जुलै १९५४ रोजी तिथेच वारल्या. स्वतंत्र झालेल्या देशाला त्यांची आठवण काढावीशी वाटली नाही, याचं कारण यात आहे. त्यांची मतं आपल्याला पटायची नाहीत, पटायलाच हवीत असंही नाही. पण त्यांनी केलेलं काम त्यामुळे पुसून टाकायचं का? लंडनच्या लिंकन्स इन या वकिलांच्या संस्थेत २०१२ साली त्यांचा अर्धपुतळा बसवला गेला.

आज आपल्या सटाण्याच्या, मालेगावच्या, कळवणच्या कोर्टात काळा कोट घातलेल्या मुली दिसतात. पहाटेच्या एस.टी.ने नाशिकला परीक्षेला जाणाऱ्या मुली तर किती! मुलांच्या शेजारच्या बाकावर नंबर आला तर त्यांना त्यात काही विशेष वाटत नाही, आणि तसंच असायला हवं. पण पुढच्या वेळी लेकीला परीक्षेला सोडायला नाशिकला जाल, तेव्हा वाटेत तिला ही गोष्ट जरूर सांगा. आणि तिसरा वर्ग मिळाला होता, हेही सांगायला विसरू नका.