लोकनाट्यकार अण्णा भाऊ साठे

सातारा-सांगलीच्या मातीने मराठी रंगभूमीला थोर नाटककार दिले. विष्णुदास भावे यांनी १८४३ साली सांगलीच्या राजाश्रयाने ‘सीतास्वयंवर’ रंगविले. याच मातीतील दुसरा नाटककार गावकुसाबाहेर जन्मला. त्याला राजाश्रय तर नव्हताच. शाळेचा आश्रयही मिळाला नाही.

तुकाराम भाऊराव साठे, म्हणजेच आपले अण्णा भाऊ, यांचा जन्म १ ऑगस्ट १९२० रोजी त्या वेळच्या सातारा जिल्ह्यातील वाटेगाव येथे मातंग कुटुंबात झाला. आज हे गाव सांगली जिल्ह्यात आहे. इंग्रजी अमलात कितीतरी मातंग कुटुंबांवर गुन्हेगारीचा शिक्का होता आणि त्यांना हजेरी द्यावी लागे. अण्णा भाऊंचे शालेय शिक्षण दीड दिवसात संपले. १९३१च्या सुमारास साठे कुटुंब पोटासाठी पायी चालत मुंबईस गेले. तेथे मिळेल ते काम करीत, दुकानांच्या पाट्या व चित्रपटांची भित्तिपत्रके वाचत त्यांनी अक्षरओळख पक्की केली. गिरणीत मजुरी करताना ते कामगार चळवळीत आले व कम्युनिस्ट पक्षाचे कार्यकर्ते झाले.

१९४४ साली त्यांनी शाहीर अमर शेख व द. ना. गवाणकर यांच्यासह लाल बावटा कलापथक उभारले. सुशिक्षितांनी हिणकस मानलेला तमाशा त्यांनी हाती घेतला, पण आहे तसा ठेवला नाही. गणातील गणेशवंदनेच्या जागी मातृभूमी व श्रमिकांना वंदन आले. गवळण वगळली गेली. वगात राजाराणीऐवजी शेतकरी, सावकार, गिरणीमालक व मजूर उभे राहिले. ‘अकलेची गोष्ट’, ‘शेटजींचे इलेक्शन’, ‘देशभक्त घोटाळे’, ‘माझी मुंबई’ ही त्यांची लोकनाट्ये कामगार वस्त्यांत व खेड्यापाड्यांत गाजली. सरकारने कलापथकावर बंदी आणली, तरी त्यांची वाणी थांबली नाही. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात त्यांची ‘माझी मैना’ ही छक्कड घरोघरी पोहोचली. तथागतांनी धम्म लोकांच्या बोलीत सांगितला. लोकांना जागे करायचे तर त्यांच्याच भाषेत बोलावे लागते, हे अण्णा भाऊंनीही जाणले होते.

२ मार्च १९५८ रोजी मुंबईत भरलेल्या पहिल्या दलित साहित्य संमेलनाचे उद्घाटन त्यांनी केले. पुढच्याच वर्षी प्रसिद्ध झालेली ‘फकिरा’ ही कादंबरी त्यांनी बाबासाहेबांच्या लेखणीला अर्पण केली. वारणेच्या खोऱ्यात भुकेल्यांसाठी धान्य व खजिना लुटणाऱ्या मातंग वीराची ती कथा. तिला १९६१ साली राज्य शासनाचा पुरस्कार लाभला. त्याच वर्षी ते सोव्हिएत रशियास जाऊन आले आणि त्यावर त्यांनी प्रवासवर्णन लिहिले. तीसहून अधिक कादंबऱ्या आणि अनेक कथा लिहिणाऱ्या या लेखकाच्या आयुष्याची बरीच वर्षे मात्र घाटकोपरच्या चिराग नगरातील झोपडीत गेली. १८ जुलै १९६९ रोजी, वयाची ४९ वर्षे पूर्ण होण्याआधीच, त्यांचे निधन झाले.

दीड दिवसाच्या शाळेचा उल्लेख आपण सारे कौतुकाने करतो. आम्हांस मात्र त्यात समाजावरचा आरोप ऐकू येतो. अण्णा भाऊ घडले ते शाळा नसल्यामुळे नव्हे, तर शाळा नसतानाही. त्यांच्याबरोबरची किती मुले पाट्या वाचण्याआधीच मजुरीत हरवली, याची नोंद कोणी ठेवली नाही. म्हणूनच आपल्या वसतिगृहातील प्रत्येक अंथरूण, प्रत्येक ताट व प्रत्येक पुस्तक आम्हांस मोलाचे वाटते. माजी विद्यार्थ्यांनो, पालकहो, एकही मूल दीड दिवसात शाळेतून परत जाऊ नये, हीच अण्णा भाऊंना खरी आदरांजली ठरेल.