विश्लेषण : प्रयोगशाळेत यकृताच्या पेशी वाढवण्याचे तंत्र काय? या विद्येचा भारतात पाया घालणाऱ्या कमल रणदिवे कोण होत्या?

मूत्रपिंड निकामी झाले तर डायलिसिस असते. यकृत निकामी झाले तर? धरमपेठ-रामदासपेठेतील रुग्णालयांत हा प्रश्न विचारणाऱ्या नातेवाईकांना आजही बहुतेक वेळा एकच उत्तर मिळते, ते म्हणजे प्रत्यारोपण. अवयव मिळेपर्यंत रुग्णाला तगवून ठेवणारे ‘कृत्रिम यकृत’ बनवण्याचे प्रयत्न जगभर सुरू आहेत. त्यासाठी शरीराबाहेर जिवंत पेशी वाढवाव्या लागतात. ही विद्या भारतात रुजवली ती पुण्यात जन्मलेल्या डॉ. कमल रणदिवे यांनी.

जडणघडण कशी झाली?

कमल समर्थ यांचा जन्म ८ नोव्हेंबर १९१७ रोजी पुण्यात झाला. वडील दिनकर दत्तात्रय समर्थ फर्ग्युसन महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवत. हुजूरपागेत आणि पुढे फर्ग्युसनमध्ये कमल यांचे शिक्षण झाले. मुलीने डॉक्टर व्हावे आणि डॉक्टरशीच लग्न करावे, अशी वडिलांची इच्छा होती. कमल यांनी दोन्ही नाकारले. १९३९ मध्ये त्यांनी गणितज्ञ ज. त्र्यं. रणदिवे यांच्याशी विवाह केला आणि त्या मुंबईला आल्या. संसार सांभाळत १९४३ मध्ये त्यांनी एम.एस्सी. पूर्ण केले. विषय होता सीताफळाच्या कुळातील वनस्पतींच्या पेशी.

पेशींच्या संशोधनाकडे त्या कशा वळल्या?

टाटा मेमोरियल रुग्णालयात त्या डॉ. वसंत खानोलकर यांच्या मार्गदर्शनाखाली काम करू लागल्या. १९४९ मध्ये मुंबई विद्यापीठाची पीएच.डी. मिळाल्यावर त्या अमेरिकेत बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात जॉर्ज गाय यांच्या प्रयोगशाळेत गेल्या. हेन्रिएटा लॅक्स या रुग्णाच्या, तिची परवानगी न घेता काढलेल्या पेशी १९५१ मध्ये याच प्रयोगशाळेत अखंड वाढू लागल्या. त्या ‘हेला’ पेशी म्हणून जगभर पोहोचल्या.

भारतात परतून काय केले?

टिश्यू कल्चर म्हटले की आपल्याला केळीची रोपे आठवतात. माणसाच्या किंवा प्राण्याच्या पेशी त्याहून नाजूक. त्यांना शरीराइतकी ऊब, निर्जंतुक भांडी आणि साखर, क्षार, अमिनो आम्ले असलेले पोषक द्रावण लागते. जरा जंतुसंसर्ग झाला की सारी मेहनत वाया. रणदिवे यांनी मुंबईच्या भारतीय कर्करोग संशोधन केंद्रात देशातील पहिली ऊतिसंवर्धन प्रयोगशाळा उभारली. १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला त्यांच्या चमूने पोषक द्रावणे आणि रसायने इथेच तयार केली. १९६६ ते १९७० या काळात त्यांनी केंद्राचे प्रभारी संचालकपद सांभाळले. स्तनाचा कर्करोग आणि आनुवंशिकता यांचा संबंध त्यांनी आरंभीच्या काळातच मांडला. कुष्ठरोगाच्या जंतूंवरील कामही महत्त्वाचे ठरले. १९८२ मध्ये त्यांना पद्मभूषण मिळाले.

मग यकृताचे घोडे कुठे अडले?

रणदिवे यांचे क्षेत्र कर्करोगाचे होते, यकृत-यंत्राचे नव्हे. मात्र या यंत्राची अडचण पेशीसंवर्धनाचीच आहे. यकृत केवळ रक्त गाळत नाही. ते अमोनियाचे युरियात रूपांतर करते, अल्ब्युमिन आणि रक्त गोठवणारे घटक तयार करते. ते काम नुसती गाळणी करू शकत नाही. म्हणून पोकळ तंतूंच्या नळकांड्यात जिवंत पेशी ठेवून त्यातून रुग्णाचा रक्तद्रव फिरवला जातो.

पेच असा, की शरीरात यकृत कापले तरी पुन्हा वाढते. पण बशीत ठेवलेल्या यकृतपेशी फारशा विभागत नाहीत आणि काही दिवसांत आपले काम विसरतात. म्हणून काही यंत्रांत डुकराच्या यकृतपेशी वापरल्या गेल्या, तर काहींत यकृताच्या गाठीतून मिळालेल्या, सतत वाढणाऱ्या पेशी. या दुसऱ्या प्रकारच्या एका यंत्रात सुमारे ४४० ग्रॅम पेशी होत्या. पण त्या पेशी अमोनिया हटवण्यात कमकुवत ठरतात. २०१८ मध्ये त्या यंत्राच्या मोठ्या चाचणीत रुग्णांचे आयुष्य वाढल्याचे दिसले नाही. आता मूलपेशींपासून यकृतपेशी घडवण्यावर भर आहे.

त्यांचा वारसा काय?

पुण्याचे राष्ट्रीय पेशीविज्ञान केंद्र आज देशभरातील संशोधकांना यकृतासह विविध पेशी पुरवते. ज्या काळी देशात अशी एकही प्रयोगशाळा नव्हती, त्या काळी रणदिवे यांनी सुरुवात केली होती. १९७३ मध्ये ११ सहकाऱ्यांसह त्यांनी भारतीय महिला वैज्ञानिक संघटना स्थापन केली. परदेशी शिकायला गेलेल्यांनी ज्ञान घेऊन मायदेशी परतावे, असा त्यांचा आग्रह असे. निवृत्तीनंतर अहमदनगर जिल्ह्यातील अकोले भागात त्यांनी आदिवासी मुलांच्या पोषणावर काम केले. ११ एप्रिल २००१ रोजी त्यांचे निधन झाले. कृत्रिम यकृत अजून रुग्णाच्या खाटेपर्यंत पोहोचलेले नाही. ते पोहोचेल तेव्हा त्यासाठी लागणारे हातचे कौशल्य भारतात असेल, याची तजवीज मात्र त्यांनी सत्तर वर्षांपूर्वीच सुरू केली होती.