मलिक अंबर : खडकीचा संस्थापक

मध्ययुगीन दख्खनमध्ये गुलाम म्हणून आलेले अनेक हबशी सरदारपदाला पोहोचले. त्यांतील सर्वांत कर्तृत्ववान पुरुष म्हणजे मलिक अंबर होय. त्याचा जन्म सुमारे १५४८ मध्ये इथिओपियात झाला. मूळ नाव चापू. बालवयातच तो विकला गेला. बगदादच्या एका व्यापाऱ्याने त्याला शिक्षण व अंबर हे नाव दिले. पुढे निजामशाहीचा पेशवा चंगीझखान याने त्याला विकत घेतले. चंगीझखान स्वतःही हबशीच होता. या धन्याच्या मृत्यूनंतर अंबर मुक्त झाला.

१६०० मध्ये अहमदनगरचा किल्ला मोगलांच्या हाती पडला. तेव्हा अंबराने राजवंशातील दुसऱ्या मुर्तझास परांडा येथे गादीवर बसविले व आपली कन्याही त्याला दिली. त्याच्यापाशी सैन्य होते, पण वंश नव्हता. राजवंशीय सुलतानाच्या छत्राखेरीज त्याच्या अधिकाराला मान्यता मिळणे कठीण होते. १६१० मध्ये अंतःपुरातील कलहातून त्याने मुर्तझावर विषप्रयोग करविला, असे समकालीन वृत्तांत सांगतात. तरीही तो स्वतः गादीवर बसला नाही. त्याच वंशातील एका बालकाला त्याने तेथे बसविले.

वंशाची ही उणीव त्याने भूमीशी नाते जोडून भरून काढली. मक्तेदारांना दूर सारून त्याने जमिनीची प्रत पाहून सारा ठरविला आणि पाटील-कुलकर्ण्यांचे वतनी हक्क मान्य केले. मराठा बारगिरांच्या साह्याने गनिमी काव्याचा अवलंब करून त्याने मोगलांना जेरीस आणले. १६१० मध्ये दौलताबादेजवळ खडकी हे नगर वसविले आणि भूमिगत नळांनी तेथे पाणी खेळविले. १६१६ मध्ये मोगलांनी खडकी उद्ध्वस्त केली. अंबराने ती पुन्हा उभारली. पाण्याचा उपयोग त्याने रणांगणावरही केला. १६२४ मध्ये भातवडीच्या तलावाचा बांध फोडून त्याने मोगल व आदिलशाही यांची संयुक्त फौज चिखलात अडकविली. त्या युद्धात शहाजी भोसले त्याच्या बाजूने लढले आणि त्यांचे बंधू शरीफजी धारातीर्थी पडले.

अंबराची प्रतिमा वाङ्मयात दुहेरी उमटली आहे. जहांगीराने आपल्या आत्मवृत्तात त्याची निर्भर्त्सना केली, तर त्याच दरबारातील मुतमदखानाने त्याच्या मृत्यूची नोंद करताना त्याच्या युद्धकौशल्याचा व राज्यव्यवस्थेचा गौरव केला. कवींद्र परमानंदाच्या संस्कृत ‘शिवभारता’तही त्याचे शौर्य आदराने वर्णिलेले आढळते. मोगल इतिहासकाराला शत्रूविषयी आणि शिवाजीमहाराजांच्या चरित्रकाराला एका हबशी सेनानीविषयी आदर वाटावा, यातच त्याच्या योग्यतेची साक्ष आहे.

१६२६ मध्ये तो मृत्यू पावला. खुलदाबादेस त्याची कबर आहे. त्याच्यामागे अवघ्या सात वर्षांत, १६३३ मध्ये, दौलताबाद मोगलांनी जिंकले. त्याच्या नगराची नावेही पालटत गेली : खडकीचे फत्तेनगर, पुढे औरंगाबाद आणि २०२३ मध्ये छत्रपती संभाजीनगर. ज्या राजवंशाच्या रक्षणासाठी तो झिजला, तो राहिला नाही. त्याने वसविलेले नगर मात्र टिकले. तेथील जुन्या जलवाहिनीला आजही ‘नहर-ए-अंबरी’ असेच म्हणतात.