उपेंद्रकिशोर रायचौधुरी : बालवाङ्मयाला चित्रांची जोड देणारे प्रतिभावंत

बंगाली बालसाहित्याचे एक आद्य शिल्पकार, चित्रकार आणि भारतीय मुद्रणकलेतील अग्रणी म्हणून उपेंद्रकिशोर रायचौधुरी यांचे नाव आदराने घेतले जाते. मुलांच्या हाती पडणारे पुस्तक वाचनीय असावे, तसेच ते देखणेही असावे, या ध्यासापोटी त्यांनी आयुष्याची वीस वर्षे आणि आपल्या मिळकतीचा मोठा वाटा खर्ची घातला.

त्यांचा जन्म मे १८६३ मध्ये मैमनसिंह जिल्ह्यातील मसुआ या गावी झाला. हा भाग आता बांगलादेशात आहे. त्यांचे मूळ नाव कामदारंजन. वयाच्या पाचव्या वर्षी जमीनदार असलेल्या नातेवाइकांनी त्यांना दत्तक घेतले आणि त्यांचे नाव बदलले. शिक्षणासाठी ते कोलकात्यात आले आणि पुढे ब्राह्मो समाजात सामील झाले. चित्रकलेबरोबरच व्हायोलिनवादनातही ते निपुण होते.

मुलांसाठी सोप्या भाषेत लिहिलेल्या रामायणाकरिता त्यांनी स्वतः चित्रे काढली. परंतु त्या काळी चित्रे लाकडी ठशांवरून छापली जात. पुस्तक हाती आले तेव्हा रेषांतील नाजूकपणा आणि छायाप्रकाश पार नाहीसा झाला होता. या निराशेतूनच त्यांच्या जीवनाला नवे वळण मिळाले. त्यांनी ब्रिटनहून यंत्रसामग्री मागवली, मुद्रणशास्त्रावरील ग्रंथांचा अभ्यास केला आणि १८९५ मध्ये कोलकात्यात 'यू. राय' ही संस्था सुरू केली.

चित्रातील गडद-फिकट छटा लहानमोठ्या ठिपक्यांत रूपांतरित करून धातूच्या ठशावर उतरवण्याच्या हाफटोन पद्धतीवर त्यांनी स्वतंत्र संशोधन केले. लंडनच्या 'पेनरोज' वार्षिकात त्यांचे या विषयावरील लेख प्रसिद्ध झाले. त्यांच्या निष्कर्षांची दखल परदेशातील तज्ज्ञांनीही घेतली.

'टुनटुनीर बोई' हे त्यांचे पुस्तक १९१० मध्ये प्रकाशित झाले. पूर्व बंगालमधील स्त्रिया संध्याकाळी न जेवताच पेंगुळणाऱ्या मुलांना जागे ठेवण्यासाठी ज्या गोष्टी सांगत, त्या त्यांनी या पुस्तकात संकलित केल्या. राजाला जेरीस आणणारा चिमुकला शिंपी पक्षी, बावळट वाघ आणि चतुर कोल्हा ही त्यातील पात्रे बंगाली घराघरांत पोहोचली. या गोष्टींत बलवानांची फजिती होते आणि दुबळा आपल्या युक्तीने तरून जातो.

एप्रिल १९१३ मध्ये त्यांनी 'संदेश' हे मुलांचे मासिक सुरू केले. बंगाली भाषेत या शब्दाचे दोन अर्थ आहेत : वार्ता आणि मिठाई. मासिकाचे लेखन, चित्रे आणि छपाई या तिन्ही बाजू ते स्वतः सांभाळत. बेसूर गुपी आणि ढोलवादक बाघा यांच्यावर भूत प्रसन्न होते, ही त्यांची गाजलेली कथा १९१५ मध्ये याच मासिकात प्रसिद्ध झाली.

मात्र मधुमेहाने त्यांची प्रकृती खालावत गेली. या आजारावर इन्सुलिनचा शोध लागण्यास अद्याप काही वर्षांचा अवधी होता. २० डिसेंबर १९१५ रोजी वयाच्या ५२व्या वर्षी त्यांचे निधन झाले.

त्यांचे पुत्र सुकुमार राय यांनी 'संदेश'ची धुरा समर्थपणे वाहिली; परंतु १९२३ मध्ये तेही अकाली निवर्तले. त्यानंतर काही वर्षांत छापखाना हातचा गेला आणि मासिकही बंद पडले. उपेंद्रकिशोरांचे नातू, ख्यातनाम चित्रपट दिग्दर्शक सत्यजित राय यांचा जन्म आजोबांच्या मृत्यूनंतर पाच वर्षांहून अधिक काळाने झाला. आजोबांची ओळख त्यांना झाली ती त्यांच्या पुस्तकांतून आणि चित्रांतूनच. सत्यजित राय यांनी कवी सुभाष मुखोपाध्याय यांच्यासमवेत १९६१ मध्ये 'संदेश'चे पुनरुज्जीवन केले आणि १९६९ मध्ये गुपी-बाघाची कथा रुपेरी पडद्यावर आणली. मुलांच्या पुस्तकातील बिघडलेल्या चित्रांपासून सुरू झालेले हे कार्य अशा रीतीने तिसऱ्या पिढीपर्यंत पोहोचले.