पुण्याजवळ नवं नाक मिळालेला कावसजी कोण होता?

कावसजी इंग्रज फौजेत बैलगाडी हाकायचा. १७९२ च्या युद्धात तो टिपूच्या कैदेत सापडला. तिथे त्याचं नाक आणि एक हात कापला गेला. वर्षभर तो नाकाविनाच जगला.

मग पुण्याजवळच्या, विटा पाडणाऱ्या जातीतल्या एका वैद्याने मेणाच्या मापाने त्याच्या कपाळाची कातडी सोडवली आणि भुवयांमधला चिंचोळा जोड राखून ती नाकावर वळवली. टाके नाहीत, वर कात लावलेल्या कापडी पट्ट्या!

पुढे पाच-सहा दिवस रुग्णाला उताणंच झोपवत. साधी वाटणारी ही गोष्ट फार मोलाची, कारण नव्या नाकाला रक्त त्या जोडातूनच मिळतं. तो पिळला, की कातडी मेली. साधारण पंचविसाव्या दिवशी जोड कापत.

१७९४ मध्ये लंडनच्या मासिकात कावसजीचं चित्र छापून आलं. वैद्याचं नाव मात्र कुणी लिहिलं नाही.