जमाखर्चाच्या वहीबाहेर

दिवसभर लोकांचे हिशेब तपासायचे आणि रात्री आपले लिहायचे, ही कसरत मी बँकेत असताना पुष्कळ केली. त्यामुळे भूपेन खख्खर हा चित्रकार मला नेहमीच आपल्यातला वाटला.

१९३४ साली मुंबईत एका मध्यमवर्गीय गुजराती घरात त्यांचा जन्म झाला. वडील लवकर गेले. भूपेनभाई चार्टर्ड अकाउंटंट झाले, घर निश्चिंत झाले. पण १९६२ मध्ये मित्र गुलाममोहम्मद शेख यांच्या आग्रहावरून ते बडोद्याला गेले आणि चित्रकार झाले. हिशेबाची नोकरी मात्र अर्धवेळ का होईना, पुढे कैक वर्षे सांभाळली. (पोट कुणाला चुकले आहे?)

तो काळ अमूर्त चित्रांच्या दबदब्याचा. मुंबईत गायतोंडे रंगांतून मौन उभे करीत होते. खख्खरांनी न्हावी, शिंपी, घड्याळजी रंगवले. करंजाड्यातल्या नव्या गाळ्यांत काउंटरमागे एकटा बसलेला दुकानदार दिसला, की मला त्यांचे १९७२चे ‘जनता वॉच रिपेअरिंग’ आठवते.

त्या एकट्या पुरुषांमागे चित्रकाराचे स्वतःचे एक गुपित होते. आपल्याला पुरुषांचे आकर्षण आहे, हे आई असेतो त्यांनी उघड केले नाही. १९७९ मध्ये ते इंग्लंडमध्ये राहिले, तिथे असे संबंध न लपवता जगणारी माणसे पाहिली. १९८०मध्ये आई गेली. आणि १९८१ मध्ये ‘यू कान्ट प्लीज ऑल’ हे चित्र झाले. सज्जात एक नग्न माणूस पाठमोरा उभा आहे. खाली रस्त्यावर बाप, मुलगा आणि गाढव यांची आपण शाळेत वाचलेली गोष्ट चालली आहे. जगाचे ऐकता ऐकता गाढवही गमावणाऱ्यांकडे तो माणूस शांतपणे पाहतो. इथे अमूर्ताचा आडपडदा त्यांना चालला असता; तो त्यांनी घेतला नाही. पुढच्याच वर्षी ‘टू मेन इन बनारस’मध्ये मिठीतले दोन विवस्त्र पुरुष आले, तेही काशीच्या भाविक गजबजाटात.

१९८४ मध्ये सरकारने त्यांना पद्मश्री दिली. त्याच सरकारच्या दंडसंहितेत कलम ३७७ होते, आणि सज्ञान प्रौढांचे परस्परसंमतीचे समलिंगी संबंध २०१८ मध्ये त्यातून सुटले. खख्खर २००३ मध्येच बडोद्यात कर्करोगाने गेले होते. शेवटच्या वर्षांत आपले दुखणे, फाटलेले शरीरही त्यांनी रंगवले.

२०१६ मध्ये लंडनच्या टेट मॉडर्नने गाढवाच्या त्याच चित्राचे नाव देऊन त्यांचे मोठे प्रदर्शन भरवले. तिथल्या एका समीक्षकाने ते यथेच्छ झोडपले.